फॅटी लिव्हर आणि व्यायाम : आधी अडथळा ओळखा, मग मात्रा ठरवा

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते, डॉक्टर वजन कमी करायला आणि व्यायाम करायला सांगतात आणि भेट संपते. गोळी लिहून देताना तिचे नाव, मात्रा, वेळ आणि किती दिवस घ्यायची हे सगळे सांगितले जाते. व्यायामाच्या बाबतीत मात्र बहुतेकांच्या हाती तो एकच शब्द पडतो. मग माणूस आपल्या मनाने काहीतरी ठरवतो, चार दिवस जोरात करतो, अंग दुखते, थकवा वाढतो, वजनकाटा जागचा हलत नाही आणि सगळे थांबते. अशा व्यक्तीला आळशी म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. फॅटी लिव्हर असलेल्यांच्या व्यायामात येणारे अडथळे बऱ्याच अंशी ठरावीक असतात, ते ओळखता येतात आणि प्रत्येकासाठी वेगळी वाट काढता येते. म्हणून ‘कोणता व्यायाम करू?’ या प्रश्नाआधी ‘मला नेमके काय अडवते?’ हा प्रश्न विचारायला हवा, आणि या लेखाची मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

व्यायामाने यकृतात काय बदलते

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ही चरबी केवळ तेलकट खाण्यातून येते असा समज आहे, पण तो अपुरा आहे. यकृतात साठणाऱ्या चरबीचा सर्वांत मोठा भाग, सुमारे ६० टक्के, शरीरातील इतर चरबीच्या साठ्यांमधून सुटून रक्तावाटे यकृतात येतो. सुमारे २५ टक्के चरबी यकृत स्वतःच जादा साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून तयार करते. आणि खाण्यातून थेट येणारा वाटा जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास असतो. पहिल्या दोन्ही वाटांच्या मुळाशी इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, हेच कारण असते.

व्यायामाचा उपयोग नेमका इथे होतो. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो, आणि व्यायाम संपल्यानंतरही साधारण एक ते तीन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो. त्यामुळे यकृताकडे वळणारी जादा साखर कमी होते, चरबीच्या साठ्यांतून होणारी गळती कमी होते आणि यकृताला साठलेली चरबी वापरायला वाव मिळतो. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक म्हणजे आठवड्यातून एकदाच तीन तास घाम गाळण्यापेक्षा थोडा थोडा पण वारंवार व्यायाम करणे यकृतासाठी अधिक उपयोगाचे आहे, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू न देणे शहाणपणाचे आहे. दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : वजन अजिबात कमी झाले नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातील चरबी घटते. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली गेली, तर वजनकाट्याकडे पाहून व्यायाम सोडणारी बरीच माणसे सोडणार नाहीत.

वजन कमी झाले तर अर्थातच फायदा वाढतो. सुरुवातीच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के घट झाली की चरबी ठळकपणे कमी होते, ७ ते १० टक्के घट झाली की यकृताची सूज उतरण्याची शक्यता बरीच वाढते आणि १० टक्के किंवा अधिक घट झाली तर फायब्रोसिस, म्हणजे सुजेमुळे यकृतात तयार झालेले कठीण व्रणांचे जाळे, काही जणांमध्ये मागे हटू शकते. मुळात सडपातळ असूनही फॅटी लिव्हर झालेल्यांना याहून कमी, ३ ते ५ टक्के घटसुद्धा उपयोगी पडते. मात्र आठवड्याला एक किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवू नये. फार झपाट्याने वजन घटल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि यकृताची सूज उलट वाढू शकते.

पहिली पायरी : यकृत कोणत्या टप्प्यावर आहे ते जाणून घ्या

सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ चरबी किती दिसते एवढेच सांगतो; फायब्रोसिस आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. व्यायामाची आखणी करताना मात्र फायब्रोसिसची माहितीच अधिक महत्त्वाची असते. तिचा प्राथमिक अंदाज ‘फिब-४’ नावाच्या गणिताने घेता येतो, आणि त्यासाठी नेहमीच्या रक्तचाचण्या पुरतात; एसजीओटी आणि एसजीपीटी ही त्यांत मोजली जाणारी यकृताची दोन एन्झाइम. वयाला एसजीओटीच्या आकड्याने गुणायचे; मग प्लेटलेटची हजारांतील संख्या आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने त्याला भागायचे. समजा वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट दोन लाख, म्हणजे २०० हजार आहेत. ५० गुणिले ४० म्हणजे २०००. ६४ चे वर्गमूळ ८, आणि २०० गुणिले ८ म्हणजे १६००. उत्तर येते १.२५. हा आकडा १.३ पेक्षा कमी असेल तर पुढच्या टप्प्यातील फायब्रोसिसची शक्यता कमी असते, २.६७ च्या वर असेल तर जास्त असते, आणि दोन्हींच्या मध्ये असेल तर यकृत किती कठीण झाले आहे हे मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करून घ्यावी लागते. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्या व्यक्तींमध्ये हे गणित तितके विश्वासार्ह नसते. हा केवळ चाळणीचा आकडा आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, पण आपला आकडा हातात घेऊन गेल्यास त्यांच्याशी होणारे बोलणे अधिक नेमके होते.

फॅटी लिव्हरमध्ये जिवाला सर्वाधिक धोका बहुतेकदा यकृतापेक्षा हृदयाकडून असतो, कारण मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल या रुग्णांमध्ये एकत्र आढळतात. त्यामुळे चालताना छातीत दुखणे किंवा दडपण येणे, थोड्या श्रमाने दम लागणे, चक्कर किंवा भोवळ येणे, छातीत फार धडधडणे यांपैकी काहीही होत असेल, तर व्यायाम वाढवण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या. असा कोणताही त्रास नसेल, तर हळूहळू चालायला सुरुवात करण्यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहत बसण्याची गरज नाही.

दुसरी पायरी : आठवडाभर नोंद ठेवा आणि आपला अडथळा शोधा

एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का, दिवसाच्या कोणत्या वेळी अंगात त्राण असते आणि कोणत्या वेळी डोळे मिटू लागतात, सलग किती वेळ बसून होता, किती पावले झाली, आणि ज्या ज्या वेळी ‘आज चालायला जावे’ असा विचार येऊनही गेला नाहीत तेव्हा नेमके काय आडवे आले, एवढ्या गोष्टी रात्री पाच मिनिटांत लिहून होतात. शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणे आणि ठोस शब्दांत लिहा. ‘वेळ नव्हता’ असे न लिहिता ‘सातला घरी आलो, जेवण होईपर्यंत नऊ वाजले, मग पाय उचलवेनात’ असे लिहा. पहिल्या वाक्यातून उपाय निघत नाही. दुसऱ्यातून हे कळते की या माणसाला वेळ नाही असे नसून त्याने निवडलेली वेळ त्याच्या थकव्याची आहे, आणि त्याचे चालणे सकाळी किंवा कामाच्या मधल्या सुटीत हलवले तर जमू शकते.

आठवड्याच्या शेवटी नोंदी वाचल्यावर एक किंवा दोन कारणे वारंवार दिसतील. पुढचा मजकूर त्या कारणांनुसार वाचावा.

थकवा हा अडथळा असेल तर

फॅटी लिव्हर असलेल्या लोकांची सर्वांत मोठी तक्रार थकव्याची असते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हा थकवा यकृताचा आजार किती पुढे गेला आहे यावर फारसा अवलंबून नसतो. एसजीपीटी जवळजवळ नॉर्मल असलेली व्यक्तीही अतिशय थकलेली असू शकते. तिला ‘अहवाल तर चांगला आहे, मग होते काय?’ असे विचारणे म्हणजे तिच्या त्रासावर अविश्वास दाखवणे आहे, आणि असे एकदा झाले की ती व्यक्ती पुन्हा मोकळेपणाने बोलत नाही.

प्रथम थकव्याची दुरुस्त होण्याजोगी कारणे शोधावीत. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणे आहेत, आणि हा विकार फॅटी लिव्हरच्या रुग्णांमध्ये बराच आढळतो. त्यावर उपचार न करता व्यायामाचा आग्रह धरणे निरर्थक आहे. त्याखेरीज थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, अनियंत्रित साखर आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्यावी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातील गोळी सुरू झाल्यापासून स्नायू दुखत असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सहसा सुरक्षित असतात आणि हृदयासाठी त्यांची गरज असते.

कारण सापडो वा न सापडो, थकलेल्या माणसाने सुरुवात आपल्या क्षमतेच्या बरीच आतून करावी. सलग पंधरा मिनिटे चालता येत असेल, तर पहिल्या आठवड्यात सात-आठ मिनिटेच चालावे आणि दमण्यापूर्वी थांबावे. हे फार कमी वाटते, आणि उत्साहाच्या भरात अधिक करण्याचा मोहही होतो. पण पहिल्या पंधरवड्याचा उद्देश यकृतातील चरबी जाळणे हा नसून, व्यायामानंतर दुसरा दिवस वाया जात नाही याचा शरीराला आणि मनाला अनुभव देणे हा असतो. मोजमाप साधे ठेवा : व्यायामानंतर तासाभरात थकवा उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकेच वाटले, तर मात्रा योग्य आहे. दुसऱ्या दिवशीही अंग ओढल्यासारखे राहिले, तर मात्रा जास्त झाली. ती एक तृतीयांशाने कमी करून आठवडाभर तिथेच थांबा. दोनदा सलग ठीक गेले की दोन मिनिटे वाढवा.

अशा व्यक्तीचा पहिला आठवडा प्रत्यक्षात कसा दिसेल? सकाळी न्याहारीनंतर सात मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे, तेही शेजाऱ्याशी बोलत जाता येईल अशा गतीने. दुपारी काहीच नाही. संध्याकाळी जेवणानंतर घरातल्या घरात किंवा आवारात पाच मिनिटे. बुधवारी झोप नीट झाली नसेल तर फक्त संध्याकाळची पाच मिनिटे. आठवड्याची बेरीज तासाभराच्या थोडी पुढे जाते. काहीच न करण्याच्या तुलनेत हा बदल लहान नाही, आणि पुढची वाढ याच पायावर होते.

गुडघे, कंबर किंवा वाढलेले वजन आड येत असेल तर

येथे चालण्याचा हट्ट सोडावा. यकृताला हालचाल कोणत्या सांध्यातून झाली याच्याशी देणेघेणे नसते. मोठ्या स्नायूंनी काम करणे महत्त्वाचे असते. जागेवरची सायकल, पाण्यातला व्यायाम किंवा बसून करायचे हातांचे व्यायाम यांनीही हृदयाची गती वाढते. शिवाय स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, म्हणजे डंबेल्स, रबरी पट्टे किंवा स्वतःच्या वजनाचा वापर करून केलेला व्यायाम, यकृतातील चरबी कमी करतो आणि त्यासाठी चालण्या-पळण्याइतका दम लागत नाही. ज्यांना दोनशे पावलांत धाप लागते त्यांनी ताकदीच्या व्यायामाने सुरुवात करून नंतर चालण्याकडे यावे, असे माझे मत आहे. बहुतेक ठिकाणी नेमका उलटा क्रम सांगितला जातो आणि माणसे पहिल्याच पायरीवर अडतात.

एकच व्यायाम शिकायचा असेल तर खुर्चीवरून उठणे-बसणे शिका. न सरकणारी, हात नसलेली, गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावले खांद्यांइतक्या अंतरावर आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवा. छाती पुढे झुकवा, टाचांवर भार देत श्वास सोडत उभे राहा, आणि श्वास घेत, तीन अंक मोजत, सावकाश खाली बसा. धपकन बसू नका. उठताना गुडघे आत वळत असतील तर पावलांमधले अंतर थोडे वाढवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, आणि गरज पडल्यास समोरच्या टेबलावर हलका हात टेका. आठ वेळा करून दोन मिनिटे विश्रांती घ्या, मग पुन्हा आठ वेळा करा. सोबत भिंतीवर हात टेकून काढलेले जोर आणि रबरी पट्टा छातीकडे ओढण्याचा व्यायाम जोडला की पाय, छाती, पाठ हे सर्व मोठे स्नायू कामाला लागतात. हे सगळे वीस मिनिटांत होते आणि आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, पुरते. व्यायाम करताना दुखणे हलके असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमत असेल तर चालेल. सांधा सुजला किंवा दुखणे वाढतच गेले तर फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

त्रासच जाणवत नाही, किंवा फरकच दिसत नाही

फॅटी लिव्हर वर्षानुवर्षे गप्प राहतो. काही दुखत-खुपत नसताना रोज अर्धा तास काढणे कठीण असते, आणि व्यायाम सुरू केल्यावरही ‘बरे झाले’ असे जाणवण्यासारखे आधी काही नसतेच. म्हणून जाणवेल आणि मोजता येईल अशा खुणा स्वतः ठरवाव्या लागतात. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा, श्वास सोडल्यानंतर आणि पोट आत न ओढता. ठरावीक अंतर चालायला किती मिनिटे लागतात ते लिहा. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजा. हा आकडा बहुतेकांचा पहिल्या दोन महिन्यांतच वाढतो आणि त्याचा मनाला मोठा आधार होतो. वजन आठवड्यातून एकदाच करा. घेर कमी होऊन वजन तेच राहिले, तर त्याचा अर्थ प्रयत्न वाया गेले असा होत नाही.

पावले मोजणारा फोन किंवा घड्याळ बऱ्याच जणांना उपयोगी पडते, पण थेट दहा हजारांचे लक्ष्य लावू नका. नोंदीच्या आठवड्यात रोजची सरासरी तीन हजार आली असेल, तर पुढचे लक्ष्य साडेतीन हजार असावे. गाठता येणारे लक्ष्य माणसाला पुढच्या लक्ष्याकडे नेते. न गाठता येणारे लक्ष्य रोज अपयश दाखवते.

वेळ खरोखरच नसेल तर

व्यायाम किमान दहा मिनिटे सलग झाला तरच मोजायचा, असा जुना नियम होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही अट ठेवलेली नाही. कितीही छोटी हालचाल बेरजेत धरली जाते. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, असे त्यात सांगितले आहे. त्यामुळे प्रत्येक जेवणानंतरची सात-आठ मिनिटे, फोनवर बोलताना येरझाऱ्या, दोन मजले जिन्याने चढणे हे सगळे हिशेबात येते. जेवणानंतरच्या चालण्याला आणखी एक महत्त्व आहे : त्या वेळी रक्तातील साखर वाढत असते आणि काम करणारे स्नायू ती लगेच वापरतात. बैठे काम असेल तर दर अर्ध्या तासाला उठून दोन-तीन मिनिटे हालचाल करा. संध्याकाळच्या व्यायामाने दिवसभराच्या बसण्याची पूर्ण भरपाई होत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी व्यायाम घड्याळाच्या वेळेशी न बांधता झोपेतून उठल्यानंतरच्या तासाशी बांधावा.

मनातले आणि घरातले अडथळे

आपल्याला जमणार नाही, लोक बघतील, पडलो तर काय, अशा भीती खऱ्या असतात. फॅटी लिव्हर म्हटल्यावर ‘दारू घेता का?’ हा प्रश्न मद्याला कधीही न शिवलेल्या व्यक्तीलाही ऐकावा लागतो, आणि मग ती आजाराबद्दल कोणाशी बोलायचेच टाळते. अशा एकटेपणात व्यायाम टिकत नाही. सोबत चालणारे एक माणूस मिळाले, तर टिकण्याची शक्यता बरीच वाढते. घरच्यांनी या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘आज गेला नाहीस ना?’ अशी चौकशी ही मदत नव्हे. ‘चल, मीही येतो’ ही मदत आहे. आणि व्यायामासाठी लागणारी अर्ध्या तासाची मोकळीक, म्हणजे मुलांना सांभाळणे, स्वयंपाकाला हात लावणे, वृद्धांजवळ बसणे, ही कोणीतरी प्रत्यक्ष द्यावी लागते. घरातील बाईला फॅटी लिव्हर असेल तेव्हा ही मोकळीक सर्वांत आधी नाकारली जाते, म्हणून ती कोण देणार हे आधीच, नावानिशी ठरवून घ्या.

डॉक्टरांकडून मात्रेसह सल्ला मिळाला तर तो अधिक पाळला जातो. तो मिळाला नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या : किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस, किती जोरात आणि माझ्यासाठी काय वर्ज्य?

तिसरी पायरी : बारा आठवड्यांची आखणी

गती ठरवण्यासाठी बोलण्याची कसोटी पुरेशी आहे. चालताना वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा हालचाल मध्यम असते. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा ती जोरकस असते. बहुतेक प्रौढांना मिनिटाला सुमारे १०० पावले पडू लागली की मध्यम गती गाठता येते.

पहिले तीन आठवडे आपापल्या अडथळ्यानुसार वर सांगितलेली छोटी मात्रा ठेवा आणि वेळ पक्की करा. चौथ्या ते सातव्या आठवड्यात आठवड्याची बेरीज ९० ते १०० मिनिटांपर्यंत न्या आणि ताकदीच्या व्यायामाचे दोन दिवस जोडा. आठव्या ते बाराव्या आठवड्यात १५० मिनिटांपर्यंत पोहोचा. भरभर चालण्याची ही १५० मिनिटे पाळणाऱ्यांमध्ये यकृतातील चरबी सुमारे एक तृतीयांशाने घटण्याची शक्यता लक्षणीय वाढते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. एका वेळी एकच गोष्ट वाढवा : आधी दिवस, मग मिनिटे, आणि शेवटी गती. बारा आठवड्यांत १५० पर्यंत न पोहोचणाऱ्याने खचून जाऊ नये. ६० वर असलेला माणूस १०० वर गेला तरी यकृताला त्याचा लाभ होतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. व्यायाम थांबला की हा लाभ काही महिन्यांत ओसरतो. २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉम या औषधाला आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाला यकृताच्या सुजेसाठी मान्यता मिळाली, तीही आहार आणि व्यायामाच्या जोडीनेच. वजन उतरवणारी औषधे घेणाऱ्यांचे स्नायूही काही प्रमाणात झडतात, म्हणून त्यांनी ताकदीचा व्यायाम चुकवू नये.

मधुमेह किंवा सिरॉसिस असल्यास

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात किंवा नंतर काही तासांनी खाली जाऊ शकते. व्यायामापूर्वी साखर तपासा. ती ९० च्या खाली असेल तर आधी थोडे पिष्टमय खाणे घ्या आणि झटपट साखर देणारे काहीतरी खिशात ठेवा. पायांची संवेदना कमी असेल तर रोज तळवे पाहा आणि अनवाणी चालू नका. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाची इजा असेल तर जड वजन उचलण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

सिरॉसिस, म्हणजे फायब्रोसिसचा सर्वांत पुढचा टप्पा, आला की व्यायामाला पूर्णविराम, असे नाही. उलट या टप्प्यावर स्नायू वेगाने झडतात आणि ते टिकवणे उपचाराचाच भाग असतो. मात्र आखणी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावी. अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याने पोटातील शिरांवरचा दाब वाढतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांच्या नाडीचा वेग औषधामुळे कमी राहतो, त्यामुळे त्यांनी नाडीऐवजी बोलण्याची कसोटी वापरावी. उपाशीपोटी व्यायाम करू नये. प्रथिने पुरेशी, दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, घ्यावीत आणि झोपण्यापूर्वी थोडे खावे. पोटात पाणी वाढणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा गोंधळल्यासारखे वागणे दिसले तर व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.

व्यायामाचा लाभ कशाने वाया जातो

मुख्यतः गोड पेयांनी. अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च झालेली ऊर्जा एका मोठ्या पेल्यातील साखर सहज भरून काढते, आणि फळांचा गाळलेला रसही याला अपवाद नाही. तहान पाण्याने भागवावी. मद्य पूर्ण टाळणे यकृतासाठी सर्वांत सुरक्षित. व्यायामाच्या जोरावर ‘यकृत शुद्ध करणारी’ चूर्णे आणि स्नायू फुगवणारी पूरके घेण्याचा मोह होतो. त्यांतील काही यकृताला थेट इजा करतात, म्हणून डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

तपासण्या आणि खंड

पुढची रक्तचाचणी तीन ते सहा महिन्यांनी करा, पण तिच्या आधीचा आठवडा जड किंवा नवा व्यायाम टाळा आणि नेहमीचे चालणेच ठेवा. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम स्नायूंमध्येही असतात. सवय नसलेल्या जोरकस व्यायामानंतर ती आठवडाभर वाढलेली राहू शकतात. नेटाने व्यायाम करणाऱ्याचा अहवाल मग वाईट येतो, आणि तो घाबरून सगळे सोडतो. असे झाल्यास डॉक्टरांना अलीकडच्या व्यायामाची कल्पना द्या. सीपीके ही स्नायूंची चाचणी केली तर वाढ कुठून आली हे उलगडते. फायब्रोस्कॅनपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नका, आणि शक्य असल्यास प्रत्येक वेळी त्याच यंत्रावर तपासणी करा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.

ताप, प्रवास, लग्नकार्य, कामाचा ताण यांमुळे खंड पडणारच. आठवड्याहून कमी खंड असेल तर थांबलेल्या मात्रेपासूनच पुन्हा सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर अर्ध्या मात्रेवर या आणि पंधरवड्यात पूर्ववत करा. आजारपणानंतर ताप उतरून एक-दोन दिवस झाल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि पहिले दोन दिवस जेवणानंतरच्या पाच मिनिटांच्या चालण्यापुरतेच ठेवा.